माझ्या पत्त्यावरची माणसं

प्रिय डेमेट्रियस,

घर आवरते आहे. आवरते म्हणजे या खोलीतलं त्या खोलीत नेते आणि मधेच बसून पाय चोळते. खटला उभा राहीपर्यंत तुला घरी सोडायचं की आतच ठेवायचं, हे ठरवण्यासाठी कोर्टाची एक बाई घर पाहून गेली. दारातच तिला ओडेलचा फ्रिज आडवा आला. घरमालकाने त्याचं सामान फुटपाथवर काढलं तेव्हा आणलेला, तो तसाच पडून आहे. त्यामागे कोणाकोणाच्या गाद्या, पाळणा, चर्चचा ड्रम. बाईने विचारलं, इथे राहतात तरी किती जण? मी म्हटलं, एकटी मीच, सामानाचे मालक मात्र पुष्कळ आहेत. ती हसली नाही.

तुझ्या वकीलबाईंनी काल समजावून सांगितलं. तू पळून जाशील का, पुन्हा काही करशील का, याचा अंदाज कोर्टाचं मशीन आकड्यात सांगतं. तू मारामारी सोडवायला जाऊन पकडला गेलास, आधीचा एकही गुन्हा नावावर नाही, तरी तुझा आकडा वाईट आला. कारण आपला पत्ता. नॉर्थ साईडला, आपल्या काळ्यांच्या वस्तीत, ज्याचं घर सुटतं तो माझाच पत्ता देतो, निदान टपाल तरी मिळावं म्हणून. पोलिसांनी धरलं तरी हाच पत्ता. मशीनच्या लेखी ते सगळे इथेच जेवतात-झोपतात आणि तू त्यांच्या संगतीतला. वकीलबाई म्हणाल्या, मशीनला कातडीचा रंग सांगतच नाहीत. मी म्हटलं, सांगायचा कशाला, पत्ता सांगितला की झालं. मला आता रागवायचंही त्राण नाही रे.

ओडेलला बोलावून फ्रिज न्यायला सांगितलं. म्हणाला, "नेऊ कुठे काकू, परत फुटपाथवर?" मग कॉर्नब्रेड खाऊन गेला. फ्रिज इथेच आहे.

आता मुद्द्याचं. नदीपलीकडची वर्नेटा मावशी तुला ठेवून घ्यायला तयार आहे. तिच्या सोफ्यावरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही, आणि तिच्या पत्त्यावर दुसरं नाव नाही, कारण तिने कधी कोणाला उंबऱ्याच्या आत घेतलंच नाही. कोर्टाची अट बहुधा अशी पडेल की तू माझ्याकडे फिरकायचं नाहीस. सोमवारी न्यायाधीश विचारतील, सुटल्यावर कुठे जाशील? तुझ्या तोंडी आईचं नाव येईल, मी ओळखून आहे. ते घेऊ नकोस. मावशीकडे जाईन म्हण. मी मागच्या बाकावर असेन, माझ्याकडे बघू नकोस. मला वाईट वाटणार नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं आहे. तरी तसंच म्हण.

तुझीच,
दमलेली आई