जंतूनं भंडारा फासला, त्याची हकीकत

थोरल्या महेश्वरीअक्कांना,

अणदूरहून धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, रेवणप्पाचा शरणार्थी, म्हणजे नमस्कार. तुमचा गुडघा जिना चढू देतो का, अण्णांचा खोकला बसला का, ते आधी कळवा. इकडं सगळं खुशाल, असं लिहायची रीत आहे. पण मी चुकीची माहिती लिहीत नाही. तुमच्या महानंदाचा पाय बरा नाही. सोलापूरला दाखल व्हायला पाहिजे आणि ती उंबरा ओलांडायला तयार नाही. फोन केला असता, पण तुम्ही फोनवर गल्लीला ऐकू जाईल असं बोलता, आणि तिची खाट शेजारीच असते.

झालं असं. मल्हारी देव नळदुर्गहून गावात आला, त्या गर्दीत अनवाणी चालताना हिच्या टाचेत करवंटीचा तुकडा घुसला. हिनं जखमेत चिमूटभर भंडारा भरला आणि घरी येऊन भाकरी थापायला बसली. (शुगर असलेल्या माणसाला टाचेतलं लवकर कळत नाही, आणि हल्लीचा भंडारा निव्वळ हळद नसतो, त्यात पीठ असतं. दोन्ही गोष्टी मी तेव्हाच सांगितल्या होत्या.) पाय सुजला. गोळ्या झाल्या, बदलून झाल्या, शेवटी पू तपासायला पाठवला. रिपोर्ट आला की जंतू हट्टी आहे, नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. एक औषध लागू पडतं, पण ते शिरेतून द्यायचं, म्हणून दाखल व्हायचं.

आता मी मोटारी वायंडिंग करणारा माणूस. शाळा नववीपर्यंत, पुढचं सगळं आपलं आपण वाचून. प्लस-मायनस मला कुणी शिकवायला नको. म्हणून वाचायला बसलो, की असले जंतू मरत का नाहीत? अक्का, तोंडात बोट घालाल. या जातीच्या जंतूला बाहेरून स्निग्ध आवरण असतं (तेल म्हणू नका, लिपिड म्हणतात). त्यावर मायनस भार. आपलं शरीर त्याच्यावर जी बारीक हत्यारं सोडतं, त्यांच्यावर प्लस. प्लस जाऊन मायनसला चिकटतं, आवरण फाटतं, जंतू खलास. मग हा लबाड काय करतो? स्वतःच्याच लिपिडवर प्लसचा एक तुकडा डकवतो. मायनस झाकला गेला. हत्यार येतं आणि घसरून जातं. काही जण तर त्या लिपिडच्या शेपट्या कमीजास्त करतात, म्हणजे शरीराचे पहारेकरी त्यांना ओळखतच नाहीत. डोळा नाही, मेंदू नाही, आणि अंगरखा बदलायची एवढी अक्कल! दिवसभर दुकानात हातात तार घेऊन नुसता बसलो होतो. माणसाला जन्मभरात एक खोड बदलता येत नाही.

हे सगळं मी ओसरीवर महानंदाला समजावलं. शेजारच्या सिताबाई आणि गल्लीतल्या दोघी-तिघीही होत्या. आवरण काही ध्यानात येईना, म्हणून मी दाखला दिला (इथं घोटाळा झाला) की, भंडारा उधळला म्हणजे सगळेच पिवळे. आपला कोण, परका कोण, कळतं का? तसा या जंतूनं अंगाला भंडारा फासलाय. सिताबाईंनी हात जोडले. महानंदा म्हणाली, "म्हंजे त्योबी मल्हारीचाच की वो! आन् त्याला मारायला मला सोलापूरला नेताय व्हय?" सगळे हसले. मीही हसलो.

सकाळी गाडी दारात आली तेव्हा ती हसत नव्हती. "तुमीच म्हणालात न्हवं, त्याला काय चिकटत न्हाय? मग सुया टोचून काय हुतंय? शेवटी पायच कापतील, गुंडप्पाचा कापला तसा." मी म्हणालो, अगं, हे औषध त्या प्लस-मायनसवर अवलंबूनच नाही. ते आवरणाच्या आतली भिंत बांधू देत नाही, आणि रिपोर्टात ते लागू आहे. तर म्हणते, "काल न्हाय सांगितलं हे. आता मला न्यायचंय म्हणून जुळवताय." आणि अक्का, खरंच सांगितलं नव्हतं. पहिल्या भागालाच सगळे इतके रंगून ऐकत होते, की मी तिथंच थांबलो.

गाडी रिकामी परत गेली. सुजेच्या कडेला मी पेनानं रेघ ओढतो. सकाळी पाहावं तर सूज रेघेच्या पुढं.

बाकी ठीक. हुरडा संपत आलाय, एकदा येऊन जा. अण्णांना शरणार्थी.

आपला,
रेवणप्पा

ता. क. हुरड्याचं निमित्त आहे. पत्र घेऊन आलेल्या टेम्पोवाल्या उमाशंकरच्याच गाडीत बसा आणि आजच या. ती तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. तिला शास्त्र समजावू नका, ते मी करून पाहिलंय. फक्त म्हणा, "रेवणप्पाला यातलं काडीचं कळत न्हाय, तू डॉक्टरचं ऐक." चारचौघांत म्हणा. सिताबाईंनाही बोलावून ठेवतो.

आणखी ता. क. जंतूचं जे वर लिहिलंय ते मात्र शंभर टक्के बरोबर आहे, तुमच्यापुरतं ठेवा. तुम्ही बोलत असताना मी मध्येच काही दुरुस्त करायला लागलो, तर मला पाणी आणायला पाठवा.