पिवळ्या औषधाच्या तीन बाटल्या

॥ श्री ॥

नामपूर, ता. बागलाण
७ नोव्हेंबर १९९७

चि. कु. रूपालीस,
धोंडीराममामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या आईचं, सुलाचं पत्र मिळालं. ओझरच्या पाहुण्यांनीही नकार कळवला हे वाचून तुझी मामी दोन दिवस नीट जेवली नाही. पोर लई गुनी शे, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत बसली होती. बारावी झालेली, शिवणकाम येणारी मुलगी, सातपूरला वडिलांचं स्वतःचं घर, आणि दातांवरून नकार म्हणजे कमालच झाली. पण बाई, लोकांना तरी काय बोल लावायचा? तुझे दात करडे दिसतात हे खरंच आहे. मिश्री लावत असशील तर सोड, आणि लावत नसशील तर घासण्याचा आळस तरी सोड. लहानपणी तू तोंडात बोट घालून दोन फेऱ्या मारायचीस आणि चूळ भरून पळायचीस, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

शेजारच्या राजूच्या हाती मंजनाची डबी पाठवतो. त्यात बाभळीचा कोळसा, तुरटी, लवंग आणि सैंधव आहे. आठ दिवस दोन्ही वेळा घास. तुम्हा शहरवाल्यांना हसू येईल, पण मी दवाखान्यात कंपाउंडर म्हणून लागलो तेव्हा डॉक्टरसाहेब भूल न देता पकडीने दाढ काढायचे आणि मी रोग्याचं डोकं गुडघ्यांत दाबून बसायचो. आणखी एक जण पाय धरायला लागायचा. त्या मानाने तुला फक्त बोट फिरवायचं आहे.

तुझ्या बाबांना नमस्कार. आमचा जीव तुझ्यात आहेच, तूही लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
धोंडीराममामा

—

सातपूर, नाशिक
३० नोव्हेंबर १९९७

तीर्थस्वरूप मामांना,
रूपालीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं मंजन सहा दिवस घासलं. सातव्या दिवशी चूळ लाल आली म्हणून आईने डबी काढून घेतली. दात होते तसेच करडे आहेत.

त्याच आठवड्यात बाबांच्या कंपनीत दातांचं शिबिर होतं. घरच्या माणसांनाही बोलावलं होतं. तिथे तृप्ती नावाच्या डॉक्टर होत्या, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी छोटा आरसा आत घालून बराच वेळ पाहिलं. मी न विचारताच सांगून टाकलं की मी मिश्री लावत नाही, देवाशपथ लावत नाही. त्या म्हणाल्या की शपथ कशाला, दातच सांगतायत. मिश्रीचा डाग वर बसतो, खरवडला की निघतो. माझा रंग दाताच्या आत आहे, आडव्या पट्ट्यांनी, आणि तो दात बाहेर येण्याआधीच पडलेला आहे. मामा, मला धक्काच बसला. इतकी वर्षं मी स्वतःला आळशी आणि घाणेरडी समजत होते. कुणी बोलायला लागलं की हात आपोआप तोंडावर जायचा. मी त्या खुर्चीत बसून रडले.

त्यांनी विचारलं की अगदी लहानपणी एखादं औषध दिलं होतं का. आई म्हणाली, बाबा तेव्हा चौघा कामगारांसोबत एका खोलीत राहायचे, म्हणून पहिली तीन वर्षं आम्ही मायलेकी नामपूरला तुमच्याकडेच होतो, आणि मामा पिवळं गोड औषध द्यायचे. त्याचं नाव डॉक्टरांना हवं आहे. तेवढं उलट टपाली कळवा.

मामींना नमस्कार. तुमचा आशीर्वाद आहे तसाच राहू द्या.

तुमची
रूपाली

—

नामपूर
१२ डिसेंबर १९९७

चि. कु. रूपालीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. वीस-बावीस वर्षांपूर्वीचं औषध कुणाच्या लक्षात राहतं? दवाखान्यात मी रोज साठ-सत्तर बाटल्या भरायचो. जंताचं असेल, नाहीतर खोकल्याचं. सुलाची आठवणही तशी कच्चीच. नव्या डॉक्टरांना जुन्या औषधांत खोड काढायची हौस असते, तू फार मनावर घेऊ नकोस. मंजन सोसत नसेल तर नुसत्या मिठाने घास.

इकडे उन्हाळ कांद्याची लागण चालू आहे, मजूर मिळत नाहीत. मामीचा गुडघा दुखतो. बाकी क्षेम.

लोभ आहे, तो असू दे.

धोंडीराममामा

—

सातपूर
१८ जानेवारी १९९८

तीर्थस्वरूप मामांना,
शि. सा. न. वि. वि.

औषधाचं नाव कळलं. डॉक्टर तृप्तींनी आईला बोलावून तीन-चार नावं घेतली आणि टेट्रासायक्लीन म्हणताच आईने हेच म्हणून मान डोलावली. ते आठ वर्षांखालच्या मुलाला दिलं तर हिरडीत तयार होत असलेल्या दातांत जाऊन बसतं. मग कितीही घासा. आता पुढच्या सहा दातांवर दाताच्याच रंगाचा पातळ थर चढवतात आणि निळा उजेड पाडून तो कडक करतात. माझा एक दात करून झाला. आरशात तेवढाच दात दुसऱ्या कुणाचा वाटतो. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तेव्हा कुणालाच हे माहीत नसणार, असं मी बाबांना सांगितलं आणि त्यांनाही पटलं.

पण खरं संकट पुढेच आहे. सायखेड्याच्या समाधानचं स्थळ आलंय. तो इथल्याच कारखान्यात टर्नर आहे. त्याने माझे दात पाहिले, मीही त्याला पट्ट्यांचं सगळं सांगितलं, आणि तरी त्याचा होकार आहे. ३ मे तारीख धरली होती. मागच्या रविवारी त्याची आई अक्काबाई आल्या. मी चहा घेऊन बाहेर आले तर त्या माझी पर्स मांडीवर उपडी करून मिश्रीची डबी शोधत होत्या. आईने डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. त्या म्हणाल्या, चिठ्ठ्या काय, हव्या तशा मिळतात, मिश्रीचं तर तुमच्याच घरच्या माणसाने सांगितलंय. माणूस कोण ते सांगेनात. हे निस्तरल्याशिवाय सुपारी फोडणार नाही, म्हणून उठून गेल्या.

बाबांनी आत्यावर संशय घेऊन तिच्याशी बोलणं टाकलंय. आत्या रडून बेजार आहे. मामा, अक्काबाईंचं माहेर नामपूरचंच आहे. तुमच्या कानावर काही आलं का? आमचं असं बोलणारं कोण आहे?

तुमचाच आधार आहे, तो राहू द्या.

तुमची
रूपाली

—

नामपूर
३ फेब्रुवारी १९९८

चि. कु. रूपालीस,

आशीर्वाद लिहायला आज हात धजत नाही.

तुझ्या आत्याला दोष देऊ नका. तो माणूस मी आहे. चार वर्षांपूर्वी आमच्या दिशाच्या लग्नात अक्काबाईंचा भाऊ कोंडाजी पंगतीला होता. मी वाढत होतो. त्याने विचारलं की तुमच्या भाचीच्या दातांना काय झालं. मी म्हणालो, मिश्री लावते, ऐकत नाही. आणि जिलबीचं ताट घेऊन पुढच्या पानाकडे गेलो.

औषधाचं नाव आठवत नाही असं मी लिहिलं, ते खोटं. तेव्हा कुणाला माहीत नसणार असं तू बाबांना सांगितलंस, तेही खरं नाही. तुझ्या जन्माच्या आदल्या वर्षी सटाण्याचे एक डॉक्टर आमच्याकडे आले होते. ती बाटली हातात घेऊन त्यांनी बजावलं की लहान मुलांना देऊ नका, येणारे दात कायमचे बिघडतात. आमच्या साहेबांनी त्या दिवसापासून ते बंद केलं आणि उरलेल्या बाटल्या मी मागच्या कपाटात ठेवल्या.

तू दीड वर्षाची असताना तुझा ताप उतरेना. साहेब परगावी होते. दुसरी औषधं होती, पण मी पाहिलेलं की या पिवळ्या औषधाने मरणाच्या दारातली माणसं उठून बसतात. गावातल्या पोरांना द्यायचं मी थांबवलं होतं, तुला मात्र दिलं, कारण माझा सगळ्यात जास्त भरवसा त्याच्यावर होता. तुझ्या जिवापुढे दात काय, असा विचार केला म्हणून लिहिलं तर मला बरं वाटेल, पण दातांचा विचार माझ्या मनात आलाच नाही. तू बरी झालीस. एवढ्यावर थांबलो असतो तर निदान तोंड वर करून सांगता आलं असतं. पण दुसरी बाटली मी साध्या खोकल्याला दिली, आणि तिसरी कशाला दिली ते मला खरोखर आठवत नाही.

तू सात वर्षांची होऊन सुट्टीत आलीस तेव्हा पुढचे दोन पक्के दात दिसले. त्याच क्षणी मला कळलं. तेव्हापासून मी तुला घासायला सांगतो आहे. मंजन पाठवलं ते दात उजळावेत म्हणून नाही, कुणी विचारलं तर दोष तुझ्या घासण्यावर जावा म्हणून. असा माणूस तुला मामा मिळाला.

लग्नाला मी येत नाही. मांडवात आणायला माझ्या चुलतभावाला, केरूला, उभं करा. तो साधा माणूस आहे.

लोभ मागण्याचं तोंड मला राहिलेलं नाही.

धोंडीराम

—

सातपूर
२० फेब्रुवारी १९९८

तीर्थस्वरूप मामांना,
शि. सा. न. लिहिते आहे, कारण हाताला तीच सवय आहे.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं की दुसऱ्याच कुणाचं पत्र चुकून आमच्या पत्त्यावर आलं. आईला वाचून दाखवलं तर ती उठून आत गेली आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

तापातल्या बाटलीबद्दल माझ्या मनात काही नाही. पुढच्या दोन बाटल्यांचा राग आहे, पण तोही कधीतरी जाईल. तुम्ही पंधरा वर्षं माझ्या तोंडाकडे बघत होतात आणि मला आळशी म्हणत होतात, हे मात्र माझ्याने गिळवत नाही. दर सुट्टीत मी तुमच्या ओसरीवर बसून दात घासायचे आणि तुम्ही शेजारी उभे राहून मोजायचात. तुम्हाला माहीत होतं. मला अजून खरं वाटत नाही.

केरूमामा नकोत. त्यांनी माझं काय बिघडवलं आहे? हे पत्र मिळालं की येणाऱ्या पहिल्या रविवारी तुम्ही सायखेड्याला जा. अक्काबाईंच्या समोर बसा आणि मला लिहिलंत ते सगळं त्यांना सांगा, तिन्ही बाटल्यांसकट. त्या घालूनपाडून बोलतील, ते ऐकून घ्या. तिथून उठलात की सरळ इकडे या. बाबांना सांगताना मी तुमच्या शेजारी उभी राहीन आणि आत्याची माफी आपण दोघं मिळून मागू.

हे केलंत तर मांडवात मला तुम्हीच आणायचं, दुसऱ्या कुणाचा हात मी धरणार नाही. नाही केलंत आणि तरी लग्न झालंच, तर मी एकटी चालत येईन आणि मामा कुठे म्हणून विचारणाऱ्या प्रत्येकाला खरं सांगेन.

लोभ असावा असं आज लिहीत नाही. रविवारी सायखेड्याहून आलात तर तोंडाने सांगेन.

रूपाली