सुरत रोडवरच्या आगबोटीची वाटणी

लिहून ठेवणार: पार्वताबाई भिका बैसाणे, वय पंच्याहत्तरीच्या पुढे, धंदा पूर्वी जुन्या जहाजी सामानाचा, आता मुलाची बोलणी खाण्याचा, राहणार सुरत रोड, धुळे.

मी वर सांगितलेली बाई आज पूर्ण शुद्धीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. नथ्थू गवंड्याचं मत वेगळं पडेल, पण ते त्याने कलम चारपर्यंत पोटात ठेवावं. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. जबरदस्ती चालली असती तर हे काम कधीच उरकलं असतं, असं माझा मुलगा राजदीप म्हणतो. मला अक्षर येत नाही. मी सांगते आणि कोर्टासमोर टेबल टाकून बसणारे लीलाधरभाऊ लिहितात. मी काठी टेकत घरभर फेऱ्या मारत सांगते आहे, एका जागी बसून मला काही सुचत नाही. एखादं वाक्य पलीकडच्या खोलीत राहून गेलं असेल तर वाचणाऱ्याने समजून घ्यावं.

कलम १. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, झाकणाला गंज, हा माझी नात समीक्षा हिला द्यावा. माझे वडील दोंडाईच्याच्या रेल्वे मालधक्क्यावर हमाल होते. कुठल्याशा साहेबाकडचा हा रिकामा डबा त्यांनी घरी आणला. झाकणावर तीन लाल धुराड्यांची आगबोट आहे आणि कठड्याला रेलून माणसं पांढरे रुमाल हलवतात. मी विचारलं, "बाबा, ह्या मानसे काय करी राहिनात?"

"जाई राहिनात."

"कुठे?"

"ते माले काय माहीत? तू मिरच्या खुड."

दोंडाईच्यात तेव्हा बाईमाणूस गाव सोडायचं ते लग्न होऊन, नाहीतर चौघांच्या खांद्यावरून. हौसेने, हसत, रुमाल हलवत जाणारं मी पहिल्यांदाच पाहिलं. तेव्हापासून पायाला भिंगरी लागली ती लागलीच. पाय मात्र मिरच्यांच्या ढिगापाशीच होते.

कलम २. आगबोटीच्या उरलेल्या थाळ्या, कपबशा व चमचे शेजारी चहाची टपरी चालवणाऱ्या सुलक्षणा हिला द्यावेत. काही तिच्याकडे आधीच उसने गेलेले आहेत, ते परत मागू नयेत. ते परत येणार नाहीत.

हे सामान आलं कुठून, तेही लिहा. माझं लग्न भिका बैसाणे यांच्याशी झालं आणि मी रुमाल न हलवता धुळ्याला आले. ते भंगार घ्यायचे. पुढे गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर म्हाताऱ्या आगबोटी मोडायला लागल्या आणि त्यांचं सामान ट्रकने आपल्या दारावरून जाऊ लागलं. मी ह्यांना म्हटलं, आता सायकलींचे सांगाडे बास. ते म्हणाले, "अगं, धुळ्याचे लोक जहाजाच्या सामानाचं काय करतील?" मी म्हटलं, "झोपतील." आणि झोपलेच. जिल्ह्यातल्या कितीतरी वसतिगृहांत मुलं आगबोटीच्या पलंगावर घोरतात. हायवेच्या ढाब्यावर शेवभाजी येते ती गोऱ्या साहेबांच्या ताटात. तेलाच्या जहाजाचं सामान मात्र मी दुकानात घेतलं नाही. ज्याच्यावरून कोणी कधी रुमाल हलवला नाही, त्याचं काय कौतुक?

कलम ३. या कलमात कोणाला काही मिळणार नाही. तरी लिहा.

एकदा आमचे हे मला अलंगला घेऊन गेले. तिथे भरतीच्या वेळी आगबोट स्वतःच्या बळावर सरळ किनाऱ्यावर चढते आणि चिखलात रुतते. पाणी ओसरलं की माणसं तिला कापायला घेतात. मी पाहिली ती माणसं नेणारी होती, उंच, पांढरी, भर दुपारी सगळे दिवे लावून आलेली. तिने भोंगा दिला, तो माझ्या छातीत वाजला. किनाऱ्यावर व्यापाऱ्यांची ही गर्दी! कोणी तिची दारं हेरत होतं, कोणी पंखे. हात कोणी हलवला नाही. मला असा राग आला की मी डोक्यावरचा पदर काढून हलवला. हे म्हणाले, "काय करतेस, लोक पाहतात."

"पाहू द्या. एवढं जग फिरून आली बिचारी, कोणी 'ये बाई' म्हणायला नको?"

परतीच्या ट्रकमध्ये तिची दारं आणि एक गोल खिडकी होती. त्यानंतर आजपर्यंत मी पाण्यावरची आगबोट पाहिलेली नाही, आणि आगबोटीत पाय तर ठेवलेलाच नाही. हे वाक्य लीलाधरभाऊंनी ठळक काढावं.

कलम ४. आता घर.

ती दारं विकायची नाहीत, त्यांच्याभोवती घर बांधायचं, असा मी हट्ट धरला. पण आगबोटीचा मजला सपाट नसतो, टोकाकडे चढत जातो. त्यामुळे दारं खालून तिरपी कापलेली. सुतार करवत घेऊन आला. "अक्का, बोटभर कापतो, सरळ बसेल." मी करवत काढून घेतली. ज्याला दर्याने सरळ केलं नाही त्याला हा करणार? नथ्थूला बोलावून म्हटलं, "दार आहे तसं राहू दे, तू घर तिरपं बांध."

"घर तिरपं?"

"फरशीला उतार दे. भिंती त्यावर बसव."

नथ्थूने कपाळाला हात लावला आणि बांधलं. तेव्हापासून या घरात जे पडेल ते सुरतेकडे निघतं. लिंबू निघतं, लाटणं निघतं, समीक्षा रांगायला लागली तेव्हा तीही तिकडेच निघाली. पलंगाच्या दोन पायांखाली विटा आहेत. पाहुणा एका कुशीवर झोपतो आणि सकाळी भिंतीपाशी सापडतो.

नथ्थू आजही पारावर सांगतो, "त्या डोकरीनी मना हात बदनाम करा. बठ्ठं घर वाकडं शे!" साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये, असं लीलाधरभाऊंनी मला समजावलं. म्हणूनच मी नथ्थूला साक्षीदार केलं आहे.

कलम ५. मुलगा राजदीप जळगावला बँकेत साहेब आहे. त्याला ही जागा मंगल कार्यालय बांधणाऱ्या माणसाला विकून मला जळगावला त्याच्या चौथ्या मजल्यावरच्या घरी न्यायचं आहे. जागा माझ्या नावावर आहे, म्हणून कागद घेऊन तो येतो, शाईची डबी काढतो आणि मी चहा ठेवायला उठते. गेल्या पोळ्याला मी आगबोटीच्या दाराच्या त्या उंच लोखंडी उंबऱ्याला अडखळून पडले आणि खुबा मोडला. तेव्हापासून त्याला जोर आला आहे.

"माय, हे घर एक दिवस पडेल."

"ते पडत नाही. ते झुकलेलंच आहे."

"आणि तू पडलीस त्याचं काय?"

मी त्याच्या पोटाच्या घेराबद्दल काहीतरी बोलले. तो न जेवता जळगावला गेला. पोरगं वाईट नाही. त्याला भीती वाटते की मी त्या उंबऱ्यावर मरेन. मला भीती वाटते की मी त्याच्या चौथ्या मजल्यावर जिवंत राहीन.

कलम ६. हे कलम मी आधी असं सांगितलं होतं की, माझ्या मागे या घराचं एकही दार कोणी हलवू नये, हलवणाऱ्याला माझा तळतळाट लागेल. लीलाधरभाऊंनी ते सुंदर लिहिलं. मग समीक्षाने ते मला वाचून दाखवलं आणि कागद खाली ठेवला.

"आजी, जन्मभर जाणाऱ्या आगबोटीचं वेड तुला. आणि हाती लागली तिला तू खिळे ठोकलेस?"

"मी तिला मोडू दिली नाही!"

"मोडल्या त्यांचे पलंग तरी गावोगाव गेले. तुझी दारं सुरत रोडवरच उभी आहेत."

आगाऊ पोरगी. तिला मी त्या दिवशी खिचडीवर तूप वाढलं नाही. पण मग मी फेऱ्या मारत राहिले. दार, खोली, दार, परत. एकेकाला हात लावला. मूठ गार लागते पितळेची, लाकूड अजून मऊ. दारं काय बोलणार? पण मी हात काढल्यावर एकेक दार आपणहून उघडत गेलं. उताराने, हे मला कळतं. तरी.

म्हणून वरचं कलम रद्द. जागा राजदीपला. घर मोडावं. दारं किलोवर देऊ नयेत, एकेक द्यावं, ज्याला जे आवडेल ते. पहिलं आमच्या गल्लीतल्या बुद्धविहाराला, दुसरं सुलक्षणाच्या टपरीला, बाकीची जो नेईल त्याला. अट एकच, दार कापायचं नाही. बसत नसेल तर घर तिरपं करावं, नथ्थू शिकवेल. ती गोल खिडकी मात्र मी जळगावला राजदीपकडे राहायला जाताना सोबत नेईन. राजदीपच्या खिडक्या चौकोनी आहेत, त्यांतून समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे दिसतात.

कलम ७. माझ्या देहाचं आपल्या रीतीप्रमाणे वंदना घेऊन करावं. अस्थी समुद्रात सोडण्याचा विचार कोणाच्या मनात आला तर येऊ देऊ नये. मी तरंगत तरंगत अलंगलाच लागेन आणि कोणीतरी मला विकत घेईल. विहारामागे कडुनिंब लावून त्याच्या मुळाशी घालावं.

कलम ८. इथे लीलाधरभाऊंनी लेखणी खाली ठेवली. "अक्का, मृत्युपत्र मेल्यावर लागू होतं. हे तर जिवंतपणीचं आहे."

"मग मेल्यावर जाऊ का आगबोटीत? लिहा."

तर लिहिलं ते असं. हे मृत्युपत्र आहे, यावर माझा अंगठा आजच पडेल. राजदीपच्या विक्रीच्या कागदावर मात्र तो तेव्हा पडेल, जेव्हा मी मुंबईला जाऊन, समीक्षाचा हात धरून, माणसं नेणाऱ्या आगबोटीत बसून परत येईन. ती कुठे जाते याच्याशी मला घेणं नाही. "दिवाळीनंतर बघू" हे मी राजदीपकडून पुष्कळ दिवाळ्या ऐकलं आहे. राजदीपने आमच्यासोबत चढायचं नाही. त्याने खाली धक्क्यावर उभं राहायचं आणि पांढरा रुमाल हलवायचा. मोबाईल नाही, रुमाल. तो लाजेल, बँकेचा साहेब आहे. लाजला तरी चालेल. आगबोट दिसेनाशी होईपर्यंत हात खाली घ्यायचा नाही. मी आयुष्यात एकदाच कोणाला तरी पदर हलवला. मला कोणी हलवलेलं नाही.

गर्दीत त्याला आई सापडावी म्हणून मी कठड्यापाशी उभी राहीन आणि वरून पदर हलवीन.

डाव्या हाताचा अंगठा: पार्वताबाई भिका बैसाणे

साक्षीदार:
१. नथ्थू, गवंडी, सुरत रोड. सही केली. घर मी बाईंनी सांगितल्याप्रमाणेच तिरपं बांधलं, त्यात माझी चूक नव्हती, हे आज कागदावर आलं.
२. डॉ. तेजस अहिरे, धुळे. बाई शुद्धीत आहेत. बसायला सांगितलं, बसल्या नाहीत.

लेखक लीलाधर यांची टीप: मजकूर बाईंच्या सांगण्याबरहुकूम लिहून त्यांना व साक्षीदारांना वाचून दाखवला. राजदीप बैसाणे जळगावहून येऊन दारात उभे होते, त्यांनीही ऐकला. विक्रीचा कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला, आणि पांढरे रुमाल पाचकंदिलाच्या बाजारात मिळतील का, एवढंच विचारून ते उंबरा ओलांडून गेले.

स्थळ: धुळे. दिनांक: १२ जानेवारी २०२६.