एक वीत कमी पडलेली फळी

मामंजी, मला अक्षर येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहेच. नात लिहिते, मी सांगते. दोन वाक्यं सांगते, उठते, खिडकीशी जाते, परत येते. ती म्हणते, "आजी, एका जागी बस ना गं, माझी ओळ चुकते." बसवत नाही. परवा नातसुनेनं नव्या घरात स्वतःच्या हातानं एक फळी केली न्‌ भिंतीला लावली. सगळ्यांनी कौतुक केलं. त्यात कुणीतरी म्हणालं, "आजींनीही केलेली त्यांच्या काळी." मी हसले, तेव्हापासून जिवाला चैन नाही.

स्वराज्य आलं त्याच्या दुसऱ्या वर्षी मी लग्न होऊन कोपर गावी तुमच्या घरात आले. तुम्ही काही सुतार नव्हता. दिवसभर मिठागरावर राबायचात आणि परतल्यावर अंगणात लाकडाशी खेळत बसायचात. सुनेनं सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही, सासऱ्यानं सुनेला थेट काही सांगायचं नाही, अशी रीत. म्हणून तुम्ही लाल कोंबडीला शिकवायचात. मी दाराआड भाजी निवडत असायची, आणि तुम्ही तिला सांगताय, "बाई गं, करवतीवर जोर काढायचा नसतो, ती आपल्याकडे ओढायची. खिळ्याला आधी गिरमिटानं वाट करून द्यायची, नाहीतर फळी उलते." कोंबडी काही शिकली नाही. मी शिकले. आधी खुंट्यांची पट्टी केली, मग एक पाट. तो पाट असा डुले की तुमच्या मुलाला जेवताना होडीत बसल्यासारखं वाटायचं. तुम्ही कोंबडीला म्हणालात, "पहिला पाट डुलतोच. माझा तर पालथा पडायचा."

मला घरात जागा नव्हती, मामंजी. आईनं दिलेला आरसा, फणी, कुंकवाचा करंडा, सगळं गाठोड्यात. सासूबाईंच्या चार कोनाड्यांत ते मावत नव्हतं. म्हणजे मावलं असतं, त्या मावू देत नव्हत्या. अशात खाडीत फुटलेल्या होडीची एक फळी तुम्ही खांद्यावरून घेऊन आलात. काळीभोर, गुळगुळीत, तेल प्यालेली. मी बघतच राहिले. सासूबाईंनी लगेच सांगून टाकलं, "चुलीजवळच्या दोन खांबांमध्ये लावा. माझी पितळेची भांडी राहतील." तुम्ही वितीनं अंतर मोजलंत, फळीवर कोळशाची रेघ ओढलीत, आणि सकाळी कामावर निघताना कोंबडीला सांगितलंत, "रेघेवर कापून ठेव. संध्याकाळी येऊन ठोकतो."

रेघ बरोबर होती. तुमची रेघ कधी चुकतच नसे. मी तिच्या आत एक वीत सोडून दुसरी रेघ ओढली आणि तिथं कापली. माझ्या निजायच्या कोपऱ्यात खांब आणि भिंत यांच्यामध्ये एवढीच फळी बसेल अशी जागा होती. ती मी आदल्या दिवशीच पदरानं मोजून ठेवलेली. उरलेला तुकडा, तुमच्या रेघेसकट, चुलीत घातला. त्यावर भात शिजवला. चांगला झालेला.

संध्याकाळी तुम्ही फळी उचलून खांबांना लावून बघितलीत. एका बाजूला वीतभर उजेड. सासूबाई म्हणाल्या, "ही फळी आहे का काकडी, कुठंही कापायला? काय गं, कुठं कापलीस?" मी मान खाली घालून म्हटलं, "रेघेवर." तुम्ही पुन्हा अंतर मोजलंत. पुन्हा फळी मोजलीत. मग स्वतःचा पंजा उघडून त्याच्याकडे बघत उभे राहिलात. "तिला नको बोलू. माझंच माप चुकलं," म्हणालात. "डोळे गेले तुमचे," सासूबाई म्हणाल्या. फळी कुठंच बसेना, म्हणून शेवटी माझ्या कोपऱ्यात लागली. अगदी चपखल. मी आरसा ठेवला, फणी ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी येता-जाता तिच्यावरून हात फिरवला.

त्यानंतर तुम्ही साधी खुंटीसुद्धा तीनदा मोजायला लागलात. शेजारच्या काकांना हाक मारायचात, "बघ रे जरा, चारच विती आहेत ना?" ते हसायचे, "म्हातारा झालास लेका." तुम्हीपण हसायचात, पण करवत हातात घेऊन कितीतरी वेळ नुसते बसायचात. पुढं पुढं तर लाकूड आणणंच सोडलंत. हत्यारांची पेटी माझ्या कोपऱ्यात सरकवलीत आणि भिंतीकडे बघून म्हणालात, "ज्याची नजर चांगली, त्यानं वापरावी." मी वापरली. पोरांचा पाळणा केला, दोन चौरंग केले, नावाजली गेले.

नात लिहायची थांबली आहे. विचारते, "मग तू सांगितलं का नाहीस?" मी म्हटलं, सासऱ्याशी बोलायची रीत नव्हती. ती म्हणाली, "कोंबडीला सांगायचंस." कार्टी वकील होणार. आता म्हणते, कागद घडी करून डब्यात ठेवू का. ठेव म्हटलं, आणि एवढं शेवटचं लिही.

रीत आडवी आली नाही, मामंजी. खरं सांगितलं असतं तर फळी कोपऱ्यातून काढावी लागली असती. तुमची नजर शाबूत आहे हे घरात एकट्या मला ठाऊक होतं, आणि मला फळी जास्त हवी होती.