पिवळ्या चिठ्ठ्या आणि सुपारीचा डबा

बाबा, लॅपटॉप तुम्ही एकदा पाहिला होता. मी मुलांचे गुण भरायला तो अकोल्याला आणला होता, तेव्हा तुम्ही त्याच्या झाकणावर तळहात ठेवून म्हणालात, "गरम झाला वं, बंद कर याले." तो लॅपटॉप कधीच गेला. त्यानंतरचा एक आहे, त्याच्याबद्दल तुम्हाला सांगायचं आहे. दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाही. नवऱ्याला सांगता येत नाही, कॉलेजात तर नाहीच, आणि तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली म्हणून तुम्हाला सांगते आहे. मी घाबरले आहे, बाबा. शाळेच्या निकालाला घाबरायचे तशी नाही. हे शेजारी बसून राहतं, जेवतानासुद्धा उठत नाही.

दिवाळीनंतरची गोष्ट. प्रयोगशाळेत बारावीची मुलं उभी होती, माझ्या डाव्या हातात पाण्याचं चंचुपात्र आणि उजव्या हातात सल्फ्युरिक आम्लाची बाटली. एकतीस वर्षं मी हेच शिकवते. आणि मला आठवेना, कशात काय ओतायचं. नुसती उभी राहिले. समोरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम?" तेव्हा मी बाई किती हुशार पाहा, चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "तूच सांग पाहू, आधी काय?" ती म्हणाली, पाण्यात आम्ल, हळूहळू, आम्लात पाणी टाकलं तर उसळतं आणि अंगावर उडतं. "शाब्बास," मी म्हटलं. मुलांना वाटलं मॅडम परीक्षा घेतायत. घरी येऊन मी दार लावून बसले आणि लॅपटॉपवर पहिली चिठ्ठी लिहिली. पाण्यात आम्ल. आम्लात पाणी कधीच नाही.

त्या लॅपटॉपमध्ये चिठ्ठ्यांचा एक छोटा प्रोग्राम होता, कंपनीने आधीच टाकून दिलेला, मशीनसोबत आलेला. तो उघडला की पडद्याच्या उजव्या कडेला पिवळे चौकोन चिकटून राहायचे, हातानं चिकटवल्यासारखे. कागदावर लिहिलं असतं तर नवऱ्याच्या हाती लागलं असतं, फोन तर आमच्या घरी दोघांचाही दोघं उचलतात. लॅपटॉप तेवढा माझा. मग मी त्यात लिहीत गेले. पिपेट, ब्युरेट यांची नावं. स्टाफरूममधल्या नवीन सरांचं आडनाव. गॅस बंद केला का पाहणे. गाडी कुठे लावली. लेकीच्या सासूबाईंना कोणत्या गोष्टीवरून काय बोलायचं नाही. चाळीसच्या वर चिठ्ठ्या झाल्या होत्या. सकाळी चहा घेताना एकदा वाचल्या की दिवस निभायचा.

तुम्हाला हे आवडलं नसतं, मला माहीत आहे. नववीत मी तळहातावर मूलद्रव्यांच्या संज्ञा लिहून नेल्या होत्या आणि तुम्ही पाहिलं. मारलं नाही तुम्ही. मला सायकलवर बसवून थेट स्टँडवर नेलं, कंट्रोल केबिनमध्ये तुमच्या खुर्चीशेजारी उभं केलं. तुम्ही वाहतूक नियंत्रक, समोर वेळापत्रकाचा एवढा मोठा फळा, आणि तुम्ही फळ्याकडे पाठ करून माईकमध्ये बोलत होता. पातूरमार्गे वाशीम, अचलपूर, परतवाडा, कोणती गाडी किती वाजता, कोणत्या फलाटावर, कोणती आज उशिरा. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. माईक बंद करून म्हणालात, "लिहून ठेवलं ते कागदाचं. डोक्यात राह्यलं ते आपलं. समजलं काय?" माझा हात घामानं ओला झाला होता आणि संज्ञा सगळ्या पसरल्या होत्या. मग तुम्ही कॅन्टीनमधून आलूबोंडा आणून दिला. पुढे मी कधीच पुस्तक हातात धरून शिकवलं नाही, ते त्या केबिनमुळे.

तर बुधवारी सकाळी मी चहाचा कप घेऊन लॅपटॉप उघडते आणि पडदा कोरा. म्हणजे कोरा नाही, कुठल्यातरी तळ्याचं सुंदर चित्र. पण चिठ्ठ्या एकही नाही. प्रोग्रामसुद्धा नाही, नाव टाकून शोधलं तरी नाही. आणि बाबा, माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? चिठ्ठ्या कुठे गेल्या, हा नाही. चिठ्ठ्या खरंच होत्या का, हा. चहा कपात तसाच राहिला. मी आयुष्यात इतकी कधी भ्याले नव्हते.

स्वयंपाकघरात नवरा मेथी निवडत बसले होते. पाटबंधारेतून निवृत्त झाल्यापासून घर नीटनेटकं ठेवण्याचं त्यांना वेडच लागलं आहे. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "माझ्या लॅपटॉपचं काही केलं का तुम्ही?" ते खुशीत आले. "नवी सिस्टीम टाकली ना. किती स्लो झाला होता तो. कंपनीचा फालतू कचरा भरला होता, सगळा साफ केला. तुझे फोटो अन् फायली मात्र ठेवल्या बरं." मी विचारलं, कधी? त्यांनी मेथीची काडी हातात धरून माझ्याकडे पाहिलं. "अगं, तू तर बाजूलेच बसली होती. तूच म्हटलं, करा." मी हसले. "हो हो, विसरलेच." असं लोक दिवसातून दहादा म्हणतात, त्यांनीही मनावर घेतलं नाही. मला मात्र ते बसणं काही केल्या आठवेना. अजूनही आठवत नाही.

इथे अमरावतीत राजकमल चौकाच्या मागच्या गल्लीत एका भाईंचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. पन्नाशीचे, दाढी मेंदीनं रंगवलेली, बोलणं अर्धं वऱ्हाडी अर्धं उर्दू. त्याच दिवशी कॉलेजच्या वेळात मी तिथे गेले, डोकं दुखतं म्हणून सुट्टी टाकून. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, दोन चिजा हायेत. प्रोग्राम वेगळा अन् त्याच्यातलं तुमचं लिहिलेलं वेगळं. प्रोग्राम कंपनीचा सोताचा होता, आता ते बनवत नाही, नेटवर भेटत नाही. पण कंपनी मशीनच्या पोटात एक लपलेला कप्पा ठेवते, सोबत दिलेलं सारं त्याच्यात ऱ्हायते. साहेबानं तो पुसला नसन, तर काढून देतो." आणि लिहिलेलं? "ते जुन्या सिस्टीमच्या फोल्डरात पडलं असन. पण दहा दिस झाले का मशीन ते फोल्डर आपल्या हातानं फेकून देते. कोन्या दिवशी टाकली नवी सिस्टीम?"

मला काय माहीत. मी त्या माणसासमोर स्टुलावर बसून पर्सचा बंद गोल गोल गुंडाळत होते आणि मला दिवस सांगता येत नव्हता. शेवटी नवऱ्याला फोन केला. ते म्हणाले, "मागच्याच्या मागच्या सोमवारी. काहून, काही बिघडलं का?" नाही म्हटलं, असंच. भाईंनी बोटांवर मोजलं. "आज नववा दिस." मग मधले आठ दिवस सकाळी मी काय वाचत होते, तेही मला आठवेना. दुसरं काही न करता त्यांनी आधी ते जुनं फोल्डर उचलून आपल्या डिस्कमध्ये घेतलं, हिरवी पट्टी हळूहळू सरकत होती, आणि मी तिच्याकडे पाहत हात जोडून बसले होते. मग ते कप्पा शोधायला लागले. नवऱ्यांनी कचरा म्हणून तोही पुसला असेल, मला जवळजवळ खात्रीच होती. त्यांचं काम पक्कं असतं.

तिथे बसल्या बसल्या मला तुमच्या सुपारीच्या डब्याची आठवण झाली आणि मी उठून गल्लीत जाऊन उभी राहिले. आई गेल्यावर तुम्ही अकोल्यात डाबकी रोडच्या घरात एकटे राहायचे, पोळ्या करायला एक बाई यायच्या, आणि मी दर शनिवारी दुपारी कॉलेज सुटलं की एसटीनं अमरावतीहून यायची. तुमचं विसरणं तेव्हा सुरू झालं होतं. त्या शनिवारी मी सुपारी भरायला डबा उघडला तर सुपारी नाहीच, आत तारखेच्या कॅलेंडरची फाडलेली पानं, तिकिटाएवढी कापलेली, मागच्या कोऱ्या बाजूला तुमचं टपोरं अक्षर. तुम्ही ओट्याजवळ आलात. "काय शोधून राह्यली वं?" आणि मी, तुमची लेक, मास्तरीण, काय म्हटलं? "तुमीच सांगत होते ना बाबा, लिहून ठेवलं ते कागदाचं?" तुम्ही डबा माझ्या हातून घेतला, झाकण लावलं आणि फळीवर ठेवला. झाकण नीट बसलं की नाही ते दोनदा दाबून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही चिठ्ठ्या शोधत होता. पलंगाखाली, देवघरात, सदऱ्याच्या खिशात. मी म्हटलं, बाईंनी झाडताना टाकल्या असतील. सोमवारी तुम्ही त्या बाईंना नको नको ते बोललात म्हणे, त्या परत आल्या नाहीत. आणि पुढच्या शनिवारी मी आले तेव्हा तुम्ही दाराची साखळी न काढता फटीतून पाहिलंत, अगदी अदबीनं, जसं चौकशीच्या खिडकीवर परक्या बाईशी बोलायचे तसं, आणि विचारलंत, "कोन पाह्यजे तुमाले?"

डॉक्टर म्हणाले, आजार पुढे गेला. मीही सगळ्यांना तेच सांगितलं.

भाईंनी हाक मारली. कप्पा शाबूत होता. प्रोग्रामनं नव्या सिस्टीमवर बसायला दोनदा नकार दिला, तिसऱ्यांदा बसला. त्यांनी जुन्या फोल्डरातून फाइल आणून त्याच्या जागी ठेवली आणि पडद्याच्या उजव्या कडेला एक एक करून पिवळे चौकोन उगवले. मला रडू आलं, ते मी शिंकेवर नेलं. भाई पडदा माझ्याकडे वळवून म्हणाले, "चालते का पाह्यासाठी मी येकच उघडली. बाकीकडं पाह्यलं नाही." त्यांनी उघडलेली ती नेमकी आम्लाची. ती पाहून ते म्हणाले, "माही पोरगी तुमच्याकडंच होती मॅडम, बारावीले. अजून सांगते घरात, आमच्या मॅडमले कधी पुस्तक पाहा लागत नव्हतं." मी त्यांना, पोरगी आता कुठे असते वगैरे विचारलं. काय उत्तर दिलं ते ऐकलंच नाही.

घरी येऊन सगळ्या वाचल्या. चाळीस मला आठवतात. एक नाही. तिच्यावर मागच्या महिन्यातली तारीख आहे, अक्षरं टाइप केलेली, त्यामुळे हात कोणाचा म्हणायलाही जागा नाही, पण नवी सिस्टीम टाकली तो दिवस सोडला तर लॅपटॉप माझ्याशिवाय कोणी उघडत नाही. तिच्यात लिहिलंय, शनिवारी अकोला, बाबांसाठी सुपारी नेणे.

ती वाचून मी स्वयंपाकघरात गेले, पाणी प्यायले, परत आले, तर ती तिथेच. मी खरंच गेले होते का एसटीत बसून? त्या घरात आता दुसरी माणसं राहतात. मी त्यांच्या दारात उभी राहिले असेन का? पर्स उलटी केली. तिकीट नाही सापडलं, सुपारीही नाही. याचं मला किती बरं वाटलं सांगू. आणि पाचच मिनिटांत वाटलं, तिकीट तर मी कधीच फेकून देते.

उद्याचं प्रॅक्टिकल मी दुसऱ्या मॅडमना घ्यायला सांगितलं आहे. एवढं जमलं. मुलांच्या डोळ्यांचा प्रश्न आहे, तिथे माझी लाज मधे आणणार नाही. आता नवरा भाजी घेऊन येतील. लॅपटॉप मी जेवणाच्या टेबलावर उघडा ठेवला आहे, चिठ्ठ्यांसकट, ती सुपारीची सगळ्यात वर. डॉक्टरकडे जायचं तर त्यांच्यासोबतच जावं लागणार. त्यांना काय सांगायचं ते नीट ठरलं नाही. एक गोष्ट ठरली आहे, यातलं काही साफ करू नका म्हणायचं. कितीही घाण दिसली तरी. माझ्यावर चिडा, रडा, पण या चिठ्ठ्या फेकू नका. का, असं विचारलं तर काय सांगू, ते मात्र अजून सुचत नाही. तुम्हाला सांगून पाहते आधी. हे पत्र काही कुठे जायचं नाही, तुमच्या डब्यात ठेवीन. डबा माझ्याकडेच आहे, त्यात मी लवंगा ठेवते.

त्या बाईंनी नाही टाकल्या, बाबा. शनिवारी तुम्ही झोपल्यावर डबा मी उतरवला आणि चिठ्ठ्या चुलीत घातल्या, बंब तापवायची ती चूल. लाज वाटली म्हणून नाही. सगळ्यात वरची वाचली म्हणून. तिच्यात तुम्ही लिहिलं होतं, शनवारी दुपारी येते ते आपली पोरगी होय. तिले नाव विचारू नये. रडते.