गालाखालचं लाल

अण्णा, परवा घाटाकडच्या गावातून एक बाई दुकानात आली. दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याचं वर्षश्राद्ध होतं, त्यासाठी फ्लेक्स हवा होता. ओतूरच्या एसटी स्टँडजवळचं हे दुकान तुमच्या जावयांनी घातलेलं. ते गेल्यापासून छपाईचं मशीन मीच चालवते. फ्लेक्स वरून छापत छापत खाली येत होता. ‘प्रथम पुण्यस्मरण’ ही अक्षरं लालबुंद आली, कपाळही बरं आलं, आणि गालापासून खाली चेहरा हिरवट होत गेला. बाई वाकून बघत म्हणाली, “ताई, हे आमचं मालक न्हाईत. जित्तेपणी लई धडधाकट व्हते. मेल्यावर कावीळ झाली का काय?” स्वतःच हसली आणि तोंडाला पदर लावून तशीच उभी राहिली. तो हिरवा माझ्या ओळखीचा होता.

तुम्ही पाट्या रंगवायचात तेव्हा मी डबे धरायची. शाळेच्या भिंतीवरचा एक चेहरा मी घाईनं थेट अंगाच्या रंगानं भरला, तर तुम्ही हातातून ब्रश काढून घेतलात. “मढं काढलंस तू.” मग माझा तळहात उन्हासमोर धरलात. बोटांच्या कडा लाल दिसल्या. “आधी हे घालायचं. कातडं मागनं.” गालाखाली गेरू लावायला मी त्या दिवशी शिकले. शाळा सातवीतच सुटली, पण मशीनचं इंग्रजी पुस्तक पुढे मी मांडीवर शब्दकोश घेऊन वाचून काढलं. त्यातही तोच धडा आहे, फक्त गेरूच्या जागी मॅजेंटा, म्हणजे किरमिजी शाई.

बाईला चहा दिला आणि तपासायला बसले. नोझलची, म्हणजे शाईच्या बारीक छिद्रांची चाचणी काढली, चारही रंगांच्या रेघा अखंड. शाई सोडणारं हेड साफ केलं, तरी चेहरा तसाच. फोटो ठीक, सेटिंग ठीक. शेवटी चाचणी बाजूला ठेवून नुसता मॅजेंटाचा पट्टा छापत राहिले. वीतभर गडद आला, मग फिका, मग जेमतेम गुलाबी. हेडच्या वर शाईची छोटी डबी असते, डॅम्पर म्हणतात, तिच्यातली जाळी गाळानं बुजली होती. चार रेघांपुरती शाई झिरपते, मोठं काम आलं की पुरत नाही. डबी बदलली, पुन्हा छापलं. बाईनं बोट न लावता चेहऱ्यावरून हात फिरवला. “हां. आता वरडत्याल माझ्यावर, लई उशीर केला म्हणून.”

आम्ही दुकान घातलं तेव्हा तुम्ही उंबऱ्याबाहेरूनच म्हणालात, “तोंडं छापा तुमी. माणसं न्हाई यायची यातनं.” पुन्हा कधी आत आला नाहीत. तुमच्या दशक्रियेचा फ्लेक्स आमच्या जुन्या मशीनवर निघाला. नदीवर पिंड ठेवलंय, कावळा समोरच्या बाभळीवर बसलाय, खाली येत नाही. भावकी एकेक बोलते. “म्हातारीला सांभाळू आमी.” “नातीचं लगीन थाटात करू, या आता.” भाऊ पालथा पडून नमस्कार करतो. मी मागेच उभी. पिंडामागे तुमचा चेहरा हिरवा लोंबतोय. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

इतकी वर्षं मी फोटोला दोष देत आले, कारण तेव्हाही चाचणीत रेघा पूर्ण होत्या. परवा खरं कारण सापडलं आणि मग झोप येईना. कारण तुमचा फ्लेक्स कापायच्या आधीच मी हिरवा पाहिला होता, अण्णा. तुमचे जावई म्हणालेही होते, “अजून वेळ हाय. पुन्हा मारू का?” मी म्हणाले, “राहू द्या. त्यांना कुठं आपलं छापलेलं आवडत होतं.”

तुमचा तो फोटो अजून संगणकात आहे. आज डबी नवी आहे, शाई भरलेली आहे, फ्लेक्सचा तुकडा लावलेला आहे. फोटो उघडला आणि तसाच बंद केला. रंग बरोबर आला, तर तुमच्याकडे बघावं लागेल.