उरलेल्या चार तिमाह्या

आयोवा, २ एप्रिल

प्रिय ऑरिन यास थोरल्या बहिणीचा, व्हर्लीनचा, आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? ॲरिझोनाच्या उन्हानं उतार पडला असेल. इकडे अजून बर्फ वितळतोय. नोव्हेंबरात आई गेली, पण तिची खुर्ची अजून हलवली नाही. हात होत नाही.

पत्रास कारण की, परवा वाचनालयाच्या तळघरात कराचा फॉर्म भरायला गेले. तिथे हॉस्किन मास्तर फुकट भरून देतात. (तेच रे, सुतारकामात तुला नापास करणारे. तुझं पक्ष्यांचं घर त्यांना अजून आठवतं. मी खाली मान घातली.) म्हटलं, माझ्याकडे दाखवायला काय असणार! पण त्यांनी खोदून खोदून विचारलं. चर्चच्या सोडतीत अर्धं डुक्कर लागलं, ते उत्पन्न. कोर्टात ज्यूरीवर चार दिवस बसले (दोन दिवस पेंगत होते), त्याचा भत्ता, तोही उत्पन्न. "मग यातून पेन्शनचा कर कापा की," मी म्हटलं. पेन्शनचा कर कापलेल्या कमाईच्या चाळीस तिमाह्या भरल्याशिवाय सरकारी पेन्शन नाही, आणि शाळेच्या स्वयंपाकघरात नऊ वर्षं राबून माझ्या छत्तीसच भरल्यात. मास्तर म्हणाले, "व्हर्लीन, डुक्कर लागणं म्हणजे काम नव्हे."

मग काम कशाला म्हणायचं? अकरा वर्षं आईला उचललं, न्हाऊ घातलं, भरवलं, तिच्या शिव्या खाल्ल्या. त्याचे तू दरमहा आठशे डॉलर पाठवायचास, हे मी अभिमानानं सांगितलं. मास्तरांनी चेकच्या नकला बघितल्या. प्रत्येकाच्या कोपऱ्यात तुझ्या वळणदार अक्षरात 'प्रेमाची भेट'! "भेटीवर तुला कर नाही," मास्तर म्हणाले, "आणि भेटीवर पेन्शनही नाही." तुझं प्रेम मला भलतंच महागात पडलं रे! मला तिथेच रडू कोसळलं. मास्तरांनी रुमाल दिला. (त्याला अजून लाकडाच्या भुशाचा वास येतो.)

तू असं का लिहिलंस ते मला कळतं. "आईसाठी आम्ही कधी पगारी माणूस ठेवलं नाही, सगळं घरच्यांनीच केलं," असं अंत्यविधीला तू छाती फुगवून सांगितलंस. खरंच आहे ते. फक्त ते घरचे म्हणजे मी एकटी होते.

असो. तब्येतीला जप. माझं मागणं काही नाही.

तुझी,
व्हर्लीन

ता. क. मागणं आहे. सोबत फॉर्म आहे. गेल्या वर्षी मी तुझ्याकडे पगारावर होते असं लिहून सही कर आणि पंधरा तारखेच्या आत तुझ्या करासोबत भर. त्या एका वर्षात माझ्या उरलेल्या चारही तिमाह्या भरतात. मालकाचा अर्धा कर तू भर, माझा अर्धा मी डुक्कर विकून पाठवते. लोकांना कळेल म्हणून लाजू नकोस, मास्तर कुणाला बोलायचे नाहीत. तुझं पक्ष्यांचं घर मी केलं होतं, हेही कुणाला बोलले नव्हते.

ता. क. २. आई गेल्यावर डिसेंबरातही तुझा चेक आला होता. तो या पगारात धरू नकोस. त्या महिन्यात मला काही कामच नव्हतं, म्हणजे ती भेट खरंच प्रेमाची. तो मी वटवलेला नाही. आईच्या खुर्चीवर ठेवलाय.